कुणीच न अडवलेला माणूस

चौकात पोलिसानं हात आडवा केला की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. ज्यानं काहीच केलेलं नाही, तोसुद्धा आपण काय केलं असेल ते आठवायला लागतो. आमचे घरमालक मात्र त्या आडव्या हाताची वाट बघत असत. चाळीस वर्षं बघत होते. आणि चाळीस वर्षांत चेन्नईतल्या एकाही पोलिसानं त्यांना अडवलं नव्हतं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी खंत होती. मुलगा कोइमतूरला गेला, केस गेले, दातही बरेचसे गेले, पण त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं.

मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा अगदीच कोवळी होते. अठ्ठावन्न वर्षांची. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बँकेनं मला पुण्याहून उचलून एग्मोरच्या कचेरीत आणून ठेवलं. आमचे हे आधीच निवृत्त झालेले, त्यामुळे ते सामानाबरोबर आले. गिंडीला कारखान्यांच्या मागच्या एका गल्लीत वरचा मजला भाड्यानं मिळाला. त्या वयात मला असं वाटायचं की जगातलं सगळं मला समजतं, आणि जे समजत नाही ते समजून घेण्याच्या लायकीचं नाही. आता पासष्टी ओलांडल्यावर पहिल्या भागाबद्दल थोडी शंका येऊ लागली आहे.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी कांदा-लसणाचं विचारलं नाही. पाहुण्यारावळ्यांचं विचारलं नाही, पाणी किती वापरता हेही नाही. चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लायसन्स आहे की?"

मी म्हटलं, आहे. दुचाकीचं, चारचाकीचं, दोन्ही. चारचाकीला वीस वर्षांत हात लावला नव्हता, ते सांगितलं नाही.

"मुदत केव्हा सरते?"

ते मला ठाऊक नव्हतं. पोटच्या पोरीचं नाव विसरलेल्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. घर दिलं, पण आधी पर्समधून लायसन्स काढायला लावलं आणि त्यावरची तारीख भाडेकराराच्या समासात स्वतःच्या हातानं लिहून घेतली.

त्यांचं मराठी तंजावरचं. शेकडो वर्षांपूर्वी तिकडे उतरलेल्या लोकांनी बरोबर नेलेलं आणि पुढे सांबाराच्या वाफेवर वाढलेलं. ते 'कोठे' म्हणत, 'तेथे' म्हणत, 'मजला' म्हणत, आणि वाक्याच्या टोकाला तमिळ हेल काढून 'मा' लावत. सुरुवातीला मी वर जाऊन त्यांची नक्कल करायचे आणि यांना हसवायचे. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे मामींनी, मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तू वरती आमच्यासारखं बोलतेस ते खाली ऐकू येतं, आणि यांना फार बरं वाटतं. पुण्याच्या मुलीला शेवटी शुद्ध मराठी येऊ लागलं म्हणतात. नक्कल त्या दिवशी बंद झाली.

मामींना सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्या हिशेबानं ते मामा. पण पुण्यात मामा म्हणजे चौकात शिट्टी घेऊन उभा असलेला हवालदार, आणि या माणसाला तसं म्हणायला जीभ वळेना. मग ते काका झाले. मामी आणि काका हे जोडपं ऐकून आमचे हे रोज नव्यानं नातं जुळवून बघायचे आणि दमायचे.

काका न्यायालयात होते. वकील नव्हेत, न्यायाधीश नव्हेत. चौतीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये कागद जपले. कोणत्या खटल्याचा कोणता कागद कुठल्या कपाटात, हे काम. "चौतीस वर्षांत मजकडून एक कागद हरपला नाही," हे वाक्य ते जेवणाआधीच्या चित्राहुतीसारखं रोज एकदा म्हणत. दुपारच्या फावल्या वेळात वाचायला समोर खटल्यांशिवाय काही नसायचं, आणि त्यात मोटारींचे खटले ढिगानं. वाचता वाचता त्यांना असं आढळलं की निम्मे लोक गाडीनं काय केलं यापायी अडकलेलेच नाहीत. अडवल्यावर तोंडानं काय केलं, यापायी अडकलेले आहेत. कुणी अरेरावी केली, कुणी न वाचता सही केली, कुणी घाबरून पळाला. तेव्हापासून अडवल्यावर माणसानं कसं वागावं हा त्यांच्या अभ्यासाचा आणि नंतर भक्तीचा विषय झाला.

त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीत एक फाइल असे. लायसन्स, आरसी बुक, विमा, धुराचा दाखला, एकेक कागद खाकी पाकिटात, सगळी पाकिटं भोक पाडून फितीनं एकत्र बांधलेली, आणि गाठ रेकॉर्ड रूमची. ही गाठ बाहेरच्या माणसाला सुटत नाही. एक टोक ओढलं की आवळते, दुसरं ओढलं की आणखी आवळते, आणि रेकॉर्डवाल्यानं नुसता अंगठा घातला की घसरून मोकळी होते. वर लाखेचा एक ठिपका. मधल्या मधे कागद बदलला असं उद्या कुणी म्हणायला नको. फोनमध्ये ठेवलेला कागदही कायद्याला चालतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, मला त्यांनीच सांगितलं. पण कायद्याला चालतं ते सगळंच काकांना चालत नसे. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी माझ्या स्कूटरसाठी तशीच फाइल बांधून दिली. लोक नारळ देतात.

आणि रविवारी सकाळी तपासणी. ही चुकवायची सोय नव्हती. काका फाटकात मामींची काळी छत्री आडवी धरून उभे राहत. मी जिन्याखालून स्कूटर काढून अंगणात दहा-बारा फूट चालवत आणायची, आणि त्यांनी अडवायचं. कधी ते चांगला पोलीस होत, कधी वाईट. वाईट पोलीस त्यांना फार सुंदर साधे. नसलेल्या मिशीला पीळ देत, स्कूटरभोवती फेरी मारत, टायरला चप्पल लावून बघत. मी काय करायचं ते ठरलेलं. आधी इंजिन बंद. मग हेल्मेट काढून वणक्कम. मग तोंड मिटून तो काय मागतो ते ऐकायचं. गणवेष असेल तर लायसन्स मागायचा त्याला अधिकार आहे, कुरकुर न करता दाखवायचं. गणवेष नसेल तर ओळखपत्र मागायचा अधिकार आपल्याला आहे, मागायचं, पण सासूकडे मीठ मागावं इतक्या मऊ आवाजात. चावी काढून घ्यायला लागला तर विनयानं सांगायचं की कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. लायसन्स ठेवून घेतलं तर पावती. दंड भरला तर पावती. आणि कशावरही सही करायच्या आधी सगळं वाचायचं, मागे कितीही हॉर्न वाजोत. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक नाही, अपवाद सोडून.

"अपवाद कोणते, सांग मा."

इथे मला नेहमी इडल्या उतरवायची आठवण यायची.

एका वाक्यावर मात्र मी सपशेल नापास झाले होते. एका रविवारी वाईट पोलीस फारच अंगावर आला तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं की मी कोण आहे माहीत आहे का, बँकेत एवढ्या एवढ्या हुद्द्यावर आहे. काकांनी छत्री मिटून खाली ठेवली.

"ओळख सांगणे हा हक्क नव्हे मा," ते म्हणाले. "ती भीकच. इस्त्री केलेली."

काकांना जाऊन आता तीन वर्षं होतील, मामी मुलाकडे कोइमतूरला असतात. मी पेरुंगुडीला लेकीच्या घरी राहते. नातीला अठरा पुरी झाली, नुकतंच लायसन्स मिळालं. ती मराठीत हसते आणि तमिळमध्ये भांडते. रविवारी सोसायटीच्या फाटकात मी तिला छत्री आडवी घालून अडवते. सुरुवातीला वॉचमनला वाटलं आजींच्या डोक्यावर काही परिणाम झाला आहे. आता तो वाईट पोलीस होतो, मी चांगला. पण हे मधेच सुचलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्यांना एवढं शिकवणाऱ्या काकांपुढे आम्ही राहायला गेलो त्या वर्षी स्वतःचीच परीक्षा येऊन उभी होती. त्यांच्या लायसन्सची मुदत पोंगलला सरत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पुढे चालू ठेवायचं तर डॉक्टरची सही लागते, माणूस गाडी चालवायला धड आहे अशी. आणि काकांची नजर धड नव्हती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, तो काढता आला असता. डाव्या डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी होतं, ते दुरुस्त होण्यातलं नव्हतं, आणि डॉक्टर म्हणत होते की एकट्या उजव्याच्या भरवशावर गाडी नको. गाडी सुटली तर मामींना मंगळवारी गुडघ्यांच्या व्यायामाला आणि शुक्रवारी देवळात कोण नेणार, हा झाला चारचौघांत बोलायचा प्रश्न. सकाळी सहाला उठून गाडी पुसणारा, तिच्याशी तमिळमध्ये बोलणारा हा माणूस गाडीवाचून काय करील, हा खरा प्रश्न, आणि तो खालच्या मजल्यावर कुणी काढत नसे.

मी काय केलं? मी त्यांचे डोळे झाले. एका मंगळवारी त्यांनी सहज विचारलं, पुढे बसतेस काय मा, आणि मी उडी मारून बसले. "लाल," मी म्हणायचे, ते थांबायचे. "हिरवा," ते निघायचे. "उजवीकडून बस येतेय." दिसते की, ते म्हणायचे, आणि दिसलेली नसायची. मला वाटायचं, केवढं पुण्याचं काम करते आहे मी, म्हाताऱ्या माणसाचा मान राखते आहे. हे पुण्य आपल्याला चालेल का, असं रस्त्यावरच्या माणसांना मात्र मी विचारलेलं नव्हतं. मामींना ते कळत होतं. त्या नेहमीप्रमाणे मागे बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असायच्या. मी समजत होते की भक्ती.

अशा नजरेनं गाडी चालवणाऱ्या माणसाला कुणी तरी अडवेल ना? नाही अडवलं. ताशी पंचवीसच्या वर ते जातच नसत. समोर तपासणी दिसली, म्हणजे मी दिसली असं सांगितलं, की काका आणखी सावकाश होत, काच खाली घेत आणि मान जराशी बाहेर काढत, पंगतीत जिलबी आपल्यापर्यंत येते का ते बघणाऱ्या माणसासारखी. पोलीस बघायचा. पांढरी गाडी, पांढरे केस, कपाळावर गंध, आतल्या तिघांनाही पट्टे. "पोंगा सार, पोंगा," जा म्हणे जा, आणि मागच्या मोटारसायकलवाल्याला धरायचा. त्या संध्याकाळी मामी कॉफी पुढे करताना विचारायच्या, "आज पण नाही?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं सुनेच्या बाळंतपणाची चौकशी चालली आहे.

अडवलं ते मला.

बँकेत उशीर होत होता, म्हणून मी गिंडीजवळच्या एका एकेरी रस्त्यात उलटी शिरले. शंभर पावलांचा तर प्रश्न होता. शंभराव्या पावलावर एक पोलीसबाई उभ्या होत्या. तरुण, उंच, खांद्यावर दोन तारे, कडक इस्त्री. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मुलीच्या लग्नातसुद्धा माझी एवढी तयारी नव्हती.

इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून वणक्कम केलं. इथवर छान. मग बाईंनी लायसन्स मागितलं, मी डिकीतून फाइल काढली, आणि गाठ सुटेना. एक टोक ओढलं, आवळली. दुसरं ओढलं, आणखी आवळली. मी दात लावून बघितले. बाई कमरेवर हात ठेवून थांबल्या होत्या. शेवटी त्यांना दया आली आणि त्यांनी पलीकडच्या फुलवालीकडून कात्री मागवली. ती कात्री बघितली मात्र, माझ्या अंगात रेकॉर्ड रूमचं वारं शिरलं. मी फाइल छातीशी धरली आणि जाहीर केलं की हे सील पंचांसमक्षच तुटेल, दोन प्रतिष्ठित पंच बोलवा. माझं तमिळ तेव्हा भाजी घेण्यापुरतं. त्यात हे 'मला दोन चांगले पुरुष पाहिजेत' असंच निघालं असणार, कारण फुलवाली तोंडाला पदर लावून खाली बसली.

मी थांबले नाही. बाईंना त्यांचा हुद्दा विचारला, जो त्यांच्या खांद्यावर होता. नाव विचारलं, जे त्यांच्या छातीवर होतं. त्यांनी हात पुढे केलेला नसतानाच त्यांना चावीला हात लावू नका म्हणून बजावलं. मग काकांना फोन केला. घर जवळच होतं. ते छत्री घेऊन चालत आले.

मला वाटलं आता हे त्या बाईंना कायदा दाखवणार. मी बाजूला होऊन जागासुद्धा करून दिली. काकांनी बाईंना वणक्कम केलं, गाठीत अंगठा घालून फाइल मोकळी केली, माझं लायसन्स दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं, आणि मला विचारलं कोठून आलीस. मी हात दाखवला. ते रस्त्याच्या तोंडाशी गेले, तिथला खांब हातानं चाचपून, खाली उभं राहून वरची पाटी वाचली, परत आले आणि बाईंना म्हणाले की हिचा अपराध आहे, लिहा, आणि कलम नीट लिहा.

"काका, पण माझे हक्क?"

"होते की. ते तू सगळे वापरलेस. आता अपराध उरला."

दंड भरला. पावती मिळाली. घरी आल्यावर त्यांनी ती पावती उजव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचली आणि माझ्या फाइलमध्ये ओवताना असा उसासा सोडला, की मला वाटलं ही त्यांनाच देऊन टाकावी. नाव तेवढं माझं होतं.

पोंगल आला, गेला. डॉक्टरांनी सही केली नाही. आता इथे माझी आणखी एक अक्कल सांगते. पलीकडच्या रस्त्यावर एक डॉक्टर माणसाकडे मान वर करून न बघता सही देतो, अशी माहिती मी काढून आणली आणि मोठ्या ऐटीत काकांना सांगितली. कोरा फॉर्म त्यांनी फाइलमध्ये घातला, गाठ मारली, लाख लावली. पुढचे तीन आठवडे गाडी जागची हलली नाही. ते रोज सकाळी पुसत. पुसून झाल्यावर आत बसत, हात चाकावर, दार उघडं. मामी हाक मारीत, मग उठत.

आणि एका सकाळी मामी स्वयंपाकघरात घसरल्या. मनगट बघता बघता भरताच्या वांग्याएवढं झालं. आमचे हे पुण्याला लग्नाला गेलेले. फोनवरून बोलावलेली टॅक्सी तीनदा कबूल झाली आणि तीनदा फिरली. गल्लीच्या तोंडाशी एरवी चार रिक्षा असतात, त्या दिवशी एकही नाही. दारात गाडी उभी होती. माझ्याकडे चारचाकीचं लायसन्स होतं आणि हिंमत नव्हती. काकांकडे हिंमत होती. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की सरका, मी चालवते. मी म्हटलं, "मी पुढे बसते."

मामींना मागे बसवलं, हात मांडीवरच्या उशीवर. काका ताशी पंचवीसनं निघाले. लाल, हिरवा, डावीकडे सायकल. दोघंही एका शब्दापेक्षा जास्त बोलत नव्हतो. पुलाच्या अलीकडे तपासणी चालली होती. मी सांगितलं. काकांनी त्या दिवशी काच खाली घेतली नाही, मान बाहेर काढली नाही. सरळ समोर बघत राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटत होतं की आपल्याला कुणी अडवू नये.

हात आडवा झाला. त्याच पोलीसबाई.

काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद. काच खाली. वणक्कम. फाइल काढली, लाख नखानं उडवली, अंगठा घातला, लायसन्स दोन्ही हातांनी पुढे केलं. रविवारी सुद्धा इतकं नेटकं कधी झालं नव्हतं. बाईंनी वाकून आत बघितलं. मामींचं मनगट दिसलं. मग मी दिसले, आणि त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. लायसन्सवर नजर न टाकताच त्यांनी ते परत पुढे केलं. जा म्हणाल्या सार, लवकर जा, आधी हॉस्पिटल गाठा.

मी सुटकेचा श्वास टाकला. काकांनी हात पुढे केला नाही.

"तारीख वाचा," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, बघितली. काका म्हणाले, नाही बघितली. मग त्यांनी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन आठवडे उलटून गेले होते. त्यांनी मागे लागलेल्या रांगेकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की असू दे सार, नवं करून घ्या, आता जा. नवं होणार नाही, काका म्हणाले, डॉक्टरांनी सही दिली नाही. बाईंना आता राग यायला लागला होता. चूक नाही त्यांची. सोडून दिलेला माणूस जात नाही म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसणार.

मी काकांची बाही ओढली. म्हटलं, "काका, तिनं सोडलंय ना. चला की."

त्यांनी मान वळवली. ज्या डोळ्यानं थोडंफार दिसे तो माझ्यावर आणला.

"सोडायचा अधिकार तिला नाही मा. सुटायचा मजला नाही," ते म्हणाले. आणि मग, "ही बाई बोलते ते ऐकू येते. खाकी रंग दिसतो. तोंड दिसत नाही. इतकी जवळ उभी आहे, तरी तोंड दिसत नाही."

ते मराठीत बोलले होते. बाईंना शब्द कळले नसणार. पण त्या दंडाच्या पावतीचं यंत्र काढून बटणं दाबायला लागल्या.

कागद बाहेर आला. काकांनी तो माझ्याकडे दिला आणि वाचायला सांगितलं. सगळा. नाव, गाडीचा नंबर, जागा, वेळ, कलम, रक्कम. मी वाचत होते आणि मागे पुलापर्यंत हॉर्न वाजत होते. बाईंनी एकदासुद्धा लवकर करा म्हटलं नाही. मामींनी मात्र म्हटलं. "झाले काय तुमचे? मनगट ठणकते मजला." काकांनी सही केली.

आता चालवणार कोण, बाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लायसन्स दाखवलं. माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते काकांना दिसलं नाही, हे एक बरं झालं. चार दिवस आधीचं राहू दे, त्याच सकाळी जरी मी हे केलं असतं, तर त्या माणसाला चाकामागून रस्त्यावर उतरावं लागलं नसतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळून उपयोग नव्हता, कारण क्लच कुठल्या पायाला ते आठवत नव्हतं.

काका उतरले. गाडीच्या अंगावरून हात फिरवत मागच्या दाराशी गेले आणि मामींच्या शेजारी बसले. मी चावी फिरवली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पोलीसबाईंनी दोन्ही हात पसरून दोन्हीकडची वाहनं थोपवून धरली. दुसऱ्यांदा उडी, पुन्हा बंद. आता मागून सूचना येणार म्हणून मी मान आखडून बसले. सूचना आली नाही. मामींचा आवाज आला.

"चाळीस वर्षे तुमची मागली मान पाहत बसले," त्या म्हणाल्या. "सरका इकडे. हात धरा. ही पुण्याची मुलगी फार हादरे देते."

मी आरशात बघितलं. काकांनी ते सुजलेलं मनगट दोन्ही तळव्यांवर तोलून घेतलं होतं, भरलेली वाटी घेतल्यासारखं. आणि मान वाकवून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून, ते मामींचं तोंड बघत होते. मामी म्हणत होत्या की पुरे, ती पाहते आहे. मी पाहतच होते, त्यामुळे गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.